घरच्या तबकडीची नक्कल

गेल्या आषाढांत एके दिवशीं सकाळीं आमच्या घरचा संगणक चालूं होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी पांढरीं अक्षरें उमटलीं, आंतून टक् टक् असा बारीक आवाज दोन-तीन वेळां आला, आणि पुढें कांहीं नाहीं. घरांतील एखादी वस्तु मोडली म्हणजे मनुष्य प्रथम तिच्या किंमतीचा विचार करितो. परंतु या वेळीं यंत्राच्या किंमतीचा विचार आमच्या मनांत आलाच नाहीं. त्या यंत्राच्या पोटांतील हार्ड डिस्कवर (आम्ही तिला यापुढें तबकडी म्हणूं) अकरा वर्षांचीं छायाचित्रें होतीं, घरखर्चाचे हिशेब होते, आणि आमच्या मातोश्रींनीं जात्यावरच्या वीस ओव्या म्हणून दाखविल्या होत्या त्यांचें ध्वनिमुद्रण होतें. मातोश्री वैशाखांतच निवर्तल्या.

या तबकडीची एक संपूर्ण नक्कल आम्हीं आदल्या दिवाळींत काढून ठेविली होती. तिचें काय झालें तें शेवटीं सांगूं. परंतु पुढील आठवडाभर एका प्रश्नानें आमचा पिच्छा पुरविला. जी नक्कल आपण इतक्या विश्वासानें काढून कपाटांत ठेवितों ती मुळांत आहे तरी काय, ती कोणीं व कोणत्या कामासाठीं काढावयास सुरुवात केली, आणि संसारी माणसाच्या उपयोगास ती कितपत पडते? याचें उत्तर तिच्या इतिहासांतच सांपडतें.

नक्कल दोन प्रकारची असते. एखाद्या दफ्तरांतील कामाचे कागद तेवढे निवडून उतरून घेणें हा एक प्रकार. त्या दफ्तराची खोलीच, तींतील रुमाल, रुमालांचा क्रम, फडताळें, कुलूप आणि अडसर यांसह, जशीच्या तशी दुसरीकडे उभी करणें हा दुसरा. संगणकाच्या व्यवहारांत पहिलीस फाइलींची नक्कल म्हणतात, आणि दुसरीस 'डिस्क इमेज', म्हणजे तबकडीची प्रतिमा. ही प्रतिमा बहुधा एकाच मोठ्या फाइलीच्या रूपानें दुसऱ्या तबकडीवर ठेवितात, आणि प्रसंग आला म्हणजे तिजवरून नव्या तबकडीवर पहिलीचा सर्व मजकूर मूळच्या मांडणीसह पुन्हां उतरवितात.

पहिली नक्कल सोपी असतां दुसरीची गरज कां पडावी, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें, कीं संगणकास जागें करण्यास जें लागतें तें सर्वच फाइलींच्या रूपानें नसतें. जुन्या धर्तीच्या यंत्रांत तबकडीच्या अगदीं पहिल्या कप्प्यांत, अवघ्या ५१२ बाइटांच्या जागेंत, यंत्र सुरूं करणारा एक छोटा आज्ञासमूह असे, आणि त्याच्यापाठीं ६४ बाइटांचें एक कोष्टक असे. तबकडीचे कोणते विभाग कोठून कोठपर्यंत आहेत हें त्या कोष्टकावरून कळे. हा कप्पा कोणत्याही फाइलींत मोडत नाहीं. तेव्हां सर्व फाइली उतरून घेतल्या तरी त्या नव्या तबकडीवर टाकून यंत्र चालूं होत नाहीं. घरांतील सर्व माणसें आलीं, पण उंबरठाच मागें राहिला, असा तो प्रकार होतो.

पहिली फिरती चुंबकीय तबकडी आयबीएम या अमेरिकन कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणिली. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील तिच्या प्रयोगशाळेंत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखालीं ती तयार झाली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर ओंवलेल्या, वजन एक टनाच्या वर, आणि एवढ्या धुडांत मावत काय, तर सुमारें पन्नास लाख अक्षरें. आज मोबाइलवर काढलेलें एखादें मोठें छायाचित्रही तींत कदाचित् मावलें नसतें. अशी तबकडी मोठ्या कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांच्याच आवाक्यांतली होती. तिच्यावरील मजकूर चुंबकीय फितीवर उतरून ठेवणें हें तेथल्या पगारी नोकरांचें काम असे. संसारी मनुष्याचा या विषयाशीं अद्याप कांहीं संबंध नव्हता.

प्रतिमेच्या विद्येंतील पहिलें साधें हत्यार युनिक्स या प्रणालींत सांपडतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालेल्या या प्रणालीच्या १९७४ सालच्या पांचव्या आवृत्तींत 'डीडी' नांवाची एक लहानशी आज्ञा आहे. तिचें नांव आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील आज्ञाभाषेंतून उसनें घेतलेलें. ही आज्ञा एका ठिकाणचा मजकूर ठराविक आकाराच्या घासांनीं उचलते आणि दुसऱ्या ठिकाणीं ठेविते. त्या घासांत काय आहे याची ती चौकशी करीत नाहीं. रिकामी जागा, पुसून टाकलेल्या पत्रांचे अवशेष, पूर्वीं शिरलेला दोष, सर्व कांहीं ती इमानानें उतरविते. आमच्याकडील जुने पोथीलेखक पोथीच्या अखेरीस, जसें पाहिलें तसें लिहिलें, चूक असल्यास दोष आमचा नव्हे, अशा अर्थाचें वाक्य घालीत. डीडी हा त्याच परंपरेंतला लेखक होय. मात्र त्याच्या हातीं लेखणी देतांना मूळ पोथी कोणती आणि कोरे कागद कोणते हें नीट सांगावें लागतें. दोन नांवांची अदलाबदल झाली तर तो कोऱ्या तबकडीची नक्कल भरलेल्या तबकडीवर तितक्याच इमानानें उतरवितो, आणि मूळ मजकूर कायमचा नाहींसा होतो.

तबकडी घरापर्यंत येऊन पोंचली ती १९८० नंतरच्या दशकांत. आयबीएमनें १९८३ सालीं आपल्या व्यक्तिगत संगणकाची जी 'एक्सटी' नांवाची आवृत्ति काढिली तिच्यांत दहा मेगाबाइटांची तबकडी बसविलेली होती, आणि तिच्याबरोबर आलेल्या डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींत मजकूर फ्लॉपींवर उतरविण्याची व तेथून परत आणण्याची अशा दोन आज्ञा नव्यानें घातलेल्या होत्या. त्या वेळच्या एका फ्लॉपींत ३६० किलोबाइट मावत. म्हणजे भरलेली तबकडी उतरून घेण्यास सुमारें तीस फ्लॉप्या लागत. मनुष्यानें यंत्रापुढें बसावें, पडद्यावर सूचना येतांच एक फ्लॉपी काढावी, दुसरी घालावी, प्रत्येकीवर क्रमांक लिहावा, असें तें काम होतें. आणि एवढें करूनही हाती येत त्या फाइलीच. तबकडी बिघडली म्हणजे आधीं नव्या तबकडीवर प्रणाली बसवावी, मग तीस फ्लॉप्या क्रमानें वाचून काढाव्या. हें काम नियमानें करणारें घर विरळाच असणार.

पुढें जी गोष्ट घडली तिचा उगम आमच्या मतें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९९५ सालच्या ऑगस्टांत विंडोज ९५ ही प्रणाली बाहेर पडली. तिचा पसारा मोठा होता. यंत्राची सर्व मांडणी ती 'रजिस्ट्री' नांवाच्या एका गुंतागुंतीच्या वहींत लिहून ठेवी, आणि जुन्या पद्धतीनें फाइली उतरूं जातां त्यांचीं लांब नांवेंही तुटून जात. ज्या कचेरींत किंवा शाळेंत शंभर यंत्रें नवीन येत तेथें प्रत्येकावर ही प्रणाली व इतर सर्व सामग्री हातानें बसवावी लागे, आणि तंत्रज्ञाचे दिवसच्या दिवस त्यांत जात. न्यूझीलंडांतील ऑक्लंड शहरीं 'बायनरी रिसर्च' नांवाची एक लहान कंपनी होती. तिच्या मरे हॅझर्ड यांनीं या अडचणीवर एक तोडगा काढिला: एक यंत्र नीट सजवावें, त्याच्या तबकडीची प्रतिमा घ्यावी, आणि ती बाकीच्या यंत्रांवर छापावी. या आज्ञासमूहाचें लांबलचक इंग्रजी नांव आद्याक्षरांनीं आटोपून 'घोस्ट' झालें, म्हणजे भूत; आणि एका देहांतून निघून दुसऱ्या देहांत शिरणाऱ्या वस्तूस तें नांव शोभलेंही.

घोस्टनें डीडीच्या पुढें एक पाऊल टाकिलें. डॉस व विंडोज आपल्या फाइलींची मांडणी तबकडीवर कशी करितात हें त्यास कळत असे. त्यामुळें तो भरलेल्या जागेपुरतीच प्रतिमा घेई, तिला दाबून लहान करी, आणि लहान-मोठ्या आकाराच्या दुसऱ्या तबकडीवर ती बेतून बसवी. ज्या मांडणीची त्यास ओळख नसे ती मात्र तो कप्प्यामागून कप्पा असा आंधळेपणानें उतरी. १९९८ सालीं सिमँटेक या अमेरिकन कंपनीनें बायनरी रिसर्चकडून घोस्ट विकत घेतला, आणि 'नॉर्टन घोस्ट' या नांवानें तो घरोघर पोंचला. युटा संस्थानांतील 'पॉवरक्वेस्ट' कंपनीचा 'ड्राइव्ह इमेज' हा त्याचा प्रतिस्पर्धी होता. २००३ सालीं सिमँटेकनें ती कंपनीही घेतली, आणि पुढचा घोस्ट या प्रतिस्पर्ध्याच्याच पायावर उभारला. २०१३ सालीं घरगुती ग्राहकांसाठीं असलेल्या नॉर्टन घोस्टची विक्री बंद झाली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रतिमा घेण्याची ही पद्धत प्रचारांत आली ती आठवणी जतन करण्यासाठीं आलेली नाहीं. एका नमुन्यावरून शंभर यंत्रें झटपट तयार करण्यासाठीं ती आली. छापखान्यांतला ठसा जसा, तशी ती आहे. ठशाला मजकुराची माया नसते. कचेरींतल्या प्रतिमेंत जपण्यासारखें असें कांहीं नसेच. जपावयाचें तें दुसरीकडे ठेविलेलें असे. घरांत मात्र प्रणाली आणि आठवणी एकाच तबकडीवर नांदतात, आणि आपण कारखान्यांतला ठसा आणून त्याच्याकडून कुलदैवताच्या टाकांची राखण करून घेऊं पाहतों. ठसा त्याचें काम करितो. परंतु राखणदाराचीं जीं बाकीचीं कामें आहेत तीं आपण करावयाचीं असतात, हें आपणांस कोणी सांगत नाहीं.

घरांस या विद्येची गरज किती आहे याचा दाखला १९९९ सालच्या २६ एप्रिलनें दिला. त्या दिवशीं 'सीआयएच' नांवाचा संगणकांतील विषाणू आशियांतील अनेक देशांत जागा झाला. चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या अपघाताचा तोच दिवस असल्यानें त्यास चेर्नोबिल विषाणू असेंही म्हणूं लागले. तो तबकडीचा आरंभींचाच भाग पुसून टाकी, आणि कित्येक यंत्रांत मूळ पटलावरील चिपेंतला आज्ञासमूहही बिघडवी. मागें ज्या उंबरठ्याचा आम्हीं उल्लेख केला तोच त्यानें उखडला. आंतले बहुतेक कागद जागच्या जागीं होते, परंतु त्यांच्याकडे जाण्याची वाट उरली नव्हती.

प्रारंभीं प्रतिमा घ्यावयाची म्हणजे यंत्र बंद करून फ्लॉपीवरून वेगळें चालूं करावें लागे. कारण प्रणाली जागी असतां तबकडीवर सारखें लिहीत असते, आणि लिहीत असलेल्या वहीची नक्कल करूं गेल्यास अर्धें पान जुनें व अर्धें नवें येतें. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून यावर एक युक्ति निघाली. प्रतिमा घेण्यास आरंभ होतांच त्या क्षणाची मांडणी गोठविली असें मानावयाचें. त्यानंतर एखाद्या कप्प्यांत नवें लिहिलें जाणार असेल तर आधीं तेथला जुना मजकूर बाजूस काढून ठेवावयाचा. नक्कल करणाऱ्यास जुनेंच दिसतें, आणि घरचें काम चालूं राहतें.

यानंतर खुद्द प्रणालींतच ही सोय येऊं लागली, परंतु तिची कथा विचित्र आहे. २००७ च्या आरंभीं सर्वांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्टांत संपूर्ण प्रतिमा घेण्याची सोय होती. ती व्यापारी व सर्वांत महाग आवृत्त्यांत होती, घरगुती आवृत्त्यांत नव्हती. २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें ती सर्वांस मिळाली. आणि २०१७ सालीं मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें, कीं यापुढें या सोयीचा विकास होणार नाहीं, लोकांनीं इतरांचीं साधनें वापरावीं. सोय काढून टाकिली नाहीं. ती जुन्या घरांतील अडगळीच्या माळ्याप्रमाणें राहूं दिली. दरम्यान तैवानांतील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रांत 'क्लोनझिला' हें साधन तयार झालें. तें विनामूल्य आहे, पेनड्राइव्हवरून चालतें, आणि ज्यास थोडी इंग्रजी व बरीच सबुरी आहे त्यास घरींही वापरतां येतें.

आतां कोणी म्हणेल, तबकडी बिघडण्यापूर्वीं कांहीं सूचना देईलच, तेव्हां नक्कल काढूं. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं आपल्या कोठारांतील एक लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तबकड्या आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवीत असतात. परंतु ज्या तबकड्या बिघडल्या त्यांपैकीं निम्म्याहून अधिक तबकड्यांच्या नोंदींतील महत्त्वाच्या चार लक्षणांपैकीं एकही आधीं दिसलें नव्हतें, असें त्यांस आढळलें. म्हणजे तबकडीचें मरण बहुधा अवचित येतें.

बरें, नक्कल काढली म्हणजे तरी झालें काय? १९९८ सालीं पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असतां कोणाच्या तरी चुकीच्या आज्ञेनें त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. संस्थेंत रोज नक्कल घेण्याची व्यवस्था होती. ती उघडून पाहतां असें निघालें, कीं ती कित्येक दिवस नीट चाललेलीच नव्हती, आणि तें कोणाच्या ध्यानांतही आलें नव्हतें. चित्रपट वांचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळें. घरीं तान्हें मूल असल्यानें त्या घरूनच काम करीत, आणि त्यासाठीं त्यांच्या घरच्या यंत्रावर चित्रपटाची एक प्रत ठेविलेली होती. एवढ्या मोठ्या संस्थेची पगारी व्यवस्था फसली, आणि एका घरांतली प्रत कामास आली.

आतां आमच्या घरची हकीकत. दिवाळींतली प्रतिमा शाबूत होती. परंतु ती परत उतरविण्यास जो पेनड्राइव्ह आगाऊ तयार करून ठेवावा लागतो तो आम्हीं केलाच नव्हता. तो करण्याची सोय ज्या यंत्रांत होती तेंच बंद पडलें होतें. किल्ली पेटींत ठेवून पेटीला कुलूप घालावें तशी गत. शेजारच्या यंत्रावर तो तयार करून घेतला, नवी तबकडी आणिली, आणि तीन तासांनीं पडद्यावर आमचा दिवाळींतला संगणक जसाच्या तसा उभा राहिला. छायाचित्रें होतीं, हिशेब होते, पडद्याच्या कोपऱ्यांत फराळाच्या सामानाची यादीही होती. पण ओव्या नव्हत्या. त्या माघांत मुद्रित केल्या होत्या. मोबाइलवरून संगणकावर घेतल्या आणि जागा हवी म्हणून मोबाइलवरून पुसून टाकिल्या. माघानंतर आम्हीं नवी प्रतिमा घेतली नव्हती. दोन ओव्या आमच्या नागपूरच्या भाचीकडे निघाल्या. आजीचा आवाज म्हणून तिला तेव्हांच पाठविल्या होत्या. बाकीच्या अठरा गेल्या.

दोष प्रतिमेचा नव्हता. तिनें जें पाहिलें तें लिहिलें. माघ तिनें पाहिलाच नव्हता. म्हणून या अनुभवावरून व इतिहासावरून जें उमजलें तें थोडक्यांत सांगतों. प्रतिमा यंत्राची मांडणी परत देते; ती दोन-तीन महिन्यांनीं, आणि यंत्रांत कांहीं मोठा फेरबदल करण्यापूर्वीं घ्यावी. मधल्या काळांत जें नवें घरांत येतें, छायाचित्र असो कीं आवाज, त्याची फाइलींची साधी नक्कल त्याच दिवशीं वेगळी करावी. आणि ती झाल्यावांचून मूळ ठिकाणाहून कांहीं पुसूं नये. प्रत्येक वेळीं संपूर्ण प्रतिमा न घेतां केवळ बदललेल्या भागाच्या साखळीनेंही काम भागतें. मात्र मधली एक कडी हरवल्यास पुढच्या सर्व निरुपयोगी होतात. पीटर क्रोग या छायाचित्रकारानें सांगितलेला नियम आतां सर्वत्र मान्य झाला आहे: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. जी तबकडी नक्कल ठेवण्यासाठीं आहे ती काम झाल्यावर यंत्रापासून सोडवून ठेवावी. कारण २०१७ सालच्या मे महिन्यांत जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'सारखे खंडणीखोर आज्ञासमूह जोडलेल्या तबकड्याही कुलुपांत घालतात. आणि आजकाल पुष्कळ यंत्रांची तबकडी सांकेतिक लिपींत बंद असते. तिची किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशें वर्षांत पाठभेद शिरले, ते एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें प्रती ताडून शुद्ध केले. म्हणजे नक्कल झाली तरी ती पुन्हां वाचून पाहणारा कोणी लागतोच. प्रतिमेच्या साधनांत मजकुरावरून एक आंकडा काढून तो पुढें जुळवून पाहण्याची सोय असते, तिचा उपयोग अवश्य करावा. तथापि तेवढ्यानें भागत नाहीं. वर्षांतून एकदां, यंत्र सुरळीत चालत असतांनाच, एखाद्या रिकाम्या तबकडीवर ती प्रतिमा उतरवून पाहावी. त्यास एक दुपार लागते. आम्ही यंदाच्या दिवाळीपूर्वीं ती दुपार राखून ठेविली आहे. आणि भाचीकडच्या त्या दोन ओव्या आतां तीन घरीं आहेत.